डाव्या डब्याची तार

पडद्यासाठी जनार्दनकाकांकडे स्वयंपाकाला असलेल्या गोजराबाईंचं जुनं लुगडं अपूर्वानेच निवडलं होतं. धुऊन धुऊन विरलेलं सुती नऊवारी. ते नजर अडवत होतं, पण आवाज अडवत नव्हतं, आणि हे तिने आदल्या रविवारी येऊन मोजून पाहिलं होतं. दिवाणखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी ताणली, तिच्यावर लुगडं पसरलं आणि त्याच्यामागे स्पीकरच्या दोन जोड्या उभ्या केल्या.

एक जोडी जनार्दनकाकांची. काका रंगाच्या कारखान्यातून निवृत्त होऊन मुळशी धरणाच्या अलीकडे, डोंगराच्या पोटाशी घर बांधून राहिले होते. त्यांचे स्पीकर चौसष्ट सालचे, परदेशी, फडताळाएवढे रुंद. आत थरथरून आवाज काढणारा पंधरा इंची कागदी कोन, वर लोखंडी कर्णा. दुसरी जोडी अपूर्वाची. कमरेइतकी उंच, वीतभर रुंद, साडेसहा इंची कोन आणि वर बारीक सुरांसाठी रेशमी कापडाची इवलीशी घुमटी. काकांची जोडी हलवायला चार माणसं लागली होती. तिची तिने एकटीनेच गाडीतून उतरवली.

अपूर्वा मूळची अकोल्याची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून पिरंगुटच्या एका पंख्याच्या कंपनीत लागली. पंखा किती गुणगुणतो हे मोजायची बंद, निःशब्द खोली तिच्या ताब्यात होती. रोज कामावरून बावधनच्या फ्लॅटवर परत गेल्यावर तिने तीन वर्षं ही जोडी घडवली. अकरा वेळा स्पीकरचा लाकडी डबा बदलला. प्रत्येक वेळचा आलेख जपून ठेवला. आता रेषा सरळ आली होती, म्हणजे सगळे सूर सारखेच वाजत होते, आणि डबा कुणीतरी नीट कापून द्यायचा तेवढा राहिला होता.

ते काम करणार होते जयसिंग मारणे. त्यांचा घोटावड्यात टीव्हीची कपाटं बनवायचा कारखाना होता. भिंतीवर टांगायचे सपाट टीव्ही आले तशी कपाटांची मागणी आटली, तेव्हा त्यांना काहीतरी नवं हवंच होतं.

"मॅडम, यंत्राची मांडणी मी एकदाच करणार," त्यांनी तिला बजावलं होतं. "एकच डबा. येक तर तुमचा, न्हाईतर काकांच्या डब्याची नक्कल. काका म्हनतील त्यो."

काकांचंच का, हे तिला विचारावं लागलं नाही. काकांच्या घरी दर महिन्याला पुण्याहून वीसेक माणसं गाणं ऐकायला येत, अपूर्वाही त्यांतलीच. त्यांतली निम्मी काकांनी मान हलवल्याशिवाय साधी तारसुद्धा विकत घेत नसत. दोन हजार सहाच्या त्या ऑगस्टमधल्या रविवारी काका जे म्हणतील त्यावर अपूर्वाची तीन वर्षं ठरणार होती.

ऐकायला चौघंच बोलावली होती. स्वतः काका, जयसिंगराव, बावधनच्या दंतवैद्य कल्पनाताई आणि हिंजवडीत नोकरी करणारा निषाद. निषाद आल्या आल्या म्हणाला, "काका, आज तुमच्या डायनोसॉरचं काही खरं नाही."

"डायनोसॉर अजून चावतो," काका म्हणाले. "बस तिकडे. आणि फोन बंद कर."

अपूर्वाने नियम सांगितले. ती पडद्यामागे राहून तारा बदलणार, ऐकणाऱ्यांनी चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या गोळा होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. तारा जोडताना तिने लाल ती लालला, काळी ती काळीला अशी प्रत्येक दोनदा तपासली. आवाजाचं बटण तिथेच ठेवलं तरी काकांची जोडी कितीतरी मोठी वाजत असे. दोन आवाजांतला जरा मोठा असलेला माणसाला नेहमी चांगलाच वाटतो, म्हणून तिने सकाळी काकांच्या खुर्चीत आवाज मोजायचं यंत्र ठेवून एकेका स्पीकरची पातळी मोजली आणि आवाजाच्या बटणाशी पेन्सिलीने दोन खुणा केल्या. एक काकांच्या जोडीची, एक तिची. एका वेळी एकच स्पीकर मोजायचा ही तिची पहिल्यापासूनची शिस्त. कंपनीतही दोन पंखे एकदम लावून कुणी मोजत नाही.

तीन तुकडे वाजले. एक ख्याल, एक सतारीवरचं जलद 'झाला' वादन, एक जुनं भावगीत. अपूर्वा पडद्याच्या मागच्या बाजूला, स्पीकरच्या पाठीशी बसून होती. तिला जे ऐकू येत होतं त्याला काही अर्थ नव्हता, हे तिला माहीत होतं.

मग चिठ्ठ्या उघडल्या. चारांपैकी तीन काकांच्या जोडीला. फक्त जयसिंगरावांच्या चिठ्ठीत 'दोनी बरे' असं होतं.

"बघ," काका म्हणाले. ते आनंदले नव्हते, त्यांना ते ठाऊकच होतं. "तुझे स्पीकर वाईट नाहीत, अपूर्वा. पण ते समोर उभे राहून गातात. माझे घरभर गातात. माणूस आत बसल्यासारखा वाटतो."

"खरंच काका, एकदम थ्री-डी," निषाद म्हणाला. "मला वाटलं होतं जुनं म्हणजे खोका."

अपूर्वाने मान डोलावली. मग ती चिठ्ठ्या नीट वाचू लागली, कारण ते तिला जमणारं काम होतं. कल्पनाताईंनी काकांच्या जोडीला मत दिलं होतं, पण खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: 'डग्गा ऐकूच आला नाही. दुसऱ्यात येत होता.'

"ताई, हे उलटं झालं का लिहिताना?"

"नाही गं. मी तबला शिकलेय सहा वर्षं. डग्गा नव्हताच."

अपूर्वाला काही कळेना. पंधरा इंची कोनातून डग्गा हरवतो आणि साडेसहा इंचीतून ऐकू येतो, हे म्हणजे घागरीत पाणी मावत नाही आणि तांब्यात मावतं म्हणण्यासारखं होतं. सकाळचे आकडे तिने पुन्हा पाहिले. एकेकटा मोजताना काकांचा प्रत्येक स्पीकर खालच्या सुरांत तिच्यापेक्षा किती तरी भक्कम होता.

"काका, मी जरा तुमच्या खुर्चीत बसू? पाचच मिनिटं."

"बस की. बाराला लाइट जाईल, त्याच्या आत काय ते बघ."

तिने काकांची एक फार जुनी तबकडी लावली, एकाच मायक्रोफोनवर केलेल्या रेकॉर्डिंगची. अशा तबकडीत दोन्ही स्पीकरना तंतोतंत एकच आवाज जातो, म्हणून गाणारी बाई दोघांच्या बरोबर मध्ये बसलेली वाटायला हवी. ती मध्ये नव्हती. डावीकडे नव्हती, उजवीकडे नव्हती. कपाळाच्या आत कुठेतरी, मागच्या भिंतीत, छपरात, सगळीकडे होती आणि कुठेच नव्हती. अपूर्वाने डोकं थोडं बाजूला केलं, तसा डग्गा घुमला. सरळ केलं, तो गेला.

आणि तरी छान वाटत होतं. हेच तिला सगळ्यात चमत्कारिक वाटलं. आपल्याला आवडतंय आणि हे चूक आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्यावर कोणती आधी लिहायची?

लाइट गेली. गोजराबाईंनी आतून हाक दिली, "चला, जेवान निवतंय. गाणंबी ग्येलं आन् पंखाबी."

सगळी आत गेली. अपूर्वा म्हणाली, मी आलेच. पर्समधल्या टॉर्चचा एक पेन्सिल सेल तिने काढला आणि पडद्यामागे जाऊन काकांच्या उजव्या डब्याची पुढची जाळी हलकेच काढली. तारेची दोन टोकं सेलला टेकवली, लाल टोक सेलच्या टोपीला, म्हणजे धन बाजूला. खट् आवाज होऊन कोन आत गेला. तिने बोट ठेवून पुन्हा पाहिलं. आतच.

मग डाव्या डब्याला तेच केलं. लाल टोक टोपीला. कोन बाहेर आला.

ती जमिनीवर बसूनच राहिली. एक स्पीकर हवा ढकलत होता त्याच क्षणी दुसरा ती ओढून घेत होता. खालचे सूर मधल्या खुर्चीपाशी एकमेकांना खाऊन टाकत होते, आणि गाणाऱ्या बाईला बसायला जागाच उरत नव्हती. एकेकटा मोजताना हे दिसणं शक्यच नव्हतं. म्हणजे चुकीत तिचाही वाटा होता.

जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, तुमचे स्पीकर कधी दुरुस्त केले होते का?"

"एकदाच. एकोणनव्वद साली. डाव्याचा कोन उंदरांनी खाल्ला. पौडला तानाजी म्हणून विजेच्या मोटारींची गुंडाळी भरणारा होता, त्याने नवा कोन बसवून दिला. काय काम केलं! उलट आधीपेक्षा जास्त खुलले. त्याआधी मला ते एवढे आवडायचे नाहीत, खरं सांगतो."

तानाजीचं काही चुकलं नव्हतं. लालला धन जोडलं की कोन बाहेर यावा, हा सगळीकडचा रिवाज, तसाच त्याने बसवला. चौसष्ट साली त्या परदेशी कारखान्याचा रिवाज नेमका उलटा होता. दोन्ही डबे उलटे होते तोवर काही बिघडत नव्हतं. एक सुलटा झाला आणि बिघडलं. किंवा, काकांच्या लेखी, खुललं.

अपूर्वा नुसती भात कालवत राहिली. ती बोलली नाही तर सकाळचा निकाल पक्का, आणि तिची जोडी बावधनच्या फ्लॅटमध्येच राहणार. बोलली तर वीस माणसं ज्याच्या कानावर विसंबतात त्याला, त्याच्याच ताटावर, सांगायचं की तुम्ही सतरा वर्षं उलटं ऐकताय. आणि सुलटं केल्यावर ते पंधरा इंची कोन आणखीच भारी ठरले तर? तेही शक्य होतं. आपण कशाच्या बाजूने आहोत हेच तिला समजेना.

शेवटी ती एवढंच म्हणाली, "लाइट आल्यावर अजून एक फेरी घेऊ या. सकाळच्या मोजणीत माझी एक चूक झालीय."

"चूक आणि तुझी?" निषादने भुवया उंचावल्या. "तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी."

तीनला लाइट आली. या वेळी तिने तीन प्रकार वाजवले, क, ख आणि ग अशी नावं देऊन. क म्हणजे काकांची जोडी, तारा सुलट्या करून. ख म्हणजे तिची जोडी, होती तशी. ग वाजवायच्या आधी तिचा हात थबकला. मग तिने स्वतःच्या डाव्या डब्याची लाल तार काळीला आणि काळी लालला लावली. अशी चूक तिने आयुष्यात मुद्दाम कधी केली नव्हती.

त्याआधी, क वाजत असताना, पडद्यापलीकडून गोजराबाईंचा आवाज आला होता. त्या चहा घेऊन आल्या होत्या. "काका, आज ही बाई भिताडातनं न्हाई गात. म्होरं बसल्यावानी गातीया."

"गोजराबाई, बोलायचं नाही," काका म्हणाले.

"बरं ऱ्हायलं."

चिठ्ठ्या आल्या. कल्पनाताईंनी क निवडला होता. जयसिंगरावांनी ख. निषादने ख लिहून, खोडून, ग लिहिलं होतं. काकांची चिठ्ठी तिने शेवटी उघडली. 'क: कुणाचा कळत नाही, अंगावर येतो. ख: नीटस, कोरडा. ग: हा माझा. शंका नाही.'

"काढ पडदा," काका म्हणाले.

तिने लुगडं बाजूला केलं. ग प्रकाराच्या तारा अजून जोडलेल्या होत्या. त्या तिच्या सडपातळ डब्यांकडे जात होत्या.

मग जयसिंगराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "आरं तिच्या! म्हंजे मॅडमचाच डबा जिंकला की! काकांनीच निवाडला."

"नाही, जयसिंगराव," अपूर्वा म्हणाली. "काकांनी डबा नाही निवडला. तार निवडली."

मग तिने सेल काढला आणि सगळं सांगितलं. काका उठून आले, गुडघ्यावर बसले आणि त्यांनी आपल्या उजव्या डब्याच्या कोनावर हात ठेवला, तिने सेल टेकवला. आत. डाव्यावर ठेवला. बाहेर. त्यांनी सेल उलटसुलट करून चार वेळा तेच केलं.

"सतरा वर्षं मी चुकीचं ऐकतोय?"

"काका, म्हणजे रिव्हर्स गिअरमध्ये थेट मुंबई गाठलीत," निषाद हसून म्हणाला. मग काकांचा चेहरा पाहून गप्प झाला.

"चुकीचं म्हणजे..." अपूर्वा शब्द शोधत राहिली. तिच्या विषयात त्याला दुसरा शब्द नव्हता. "जसं वाजलं होतं तसं नाही. पण तुम्हाला आवडलं हे काही खोटं नाही."

"हे काय उत्तर झालं?" काका चिडले. "एक तर ते खोटं, नाहीतर माझा कान खोटा. दोन्ही खरं कसं असेल?"

"मलाही कळत नाहीये, काका."

ती हे एवढं सरळ बोलली की काकांचा राग तिथेच थांबला. ते खुर्चीत जाऊन बसले.

जयसिंगरावांनी चहा संपवला. "मंग म्या उद्या कापू काय? मॅडमचा डबा काकांनी निवाडला, हे तर समद्यांनी पायलं."

"कापू नका," अपूर्वा म्हणाली. "डावा डबा उलटा लावून मिळालेलं मत ते. त्याच्यावर मी कसा माझा डबा विकू?"

"मॅडम, तुमी जिकल्यावबी रडताय व्हय?" जयसिंगराव वैतागले. "मला कपाटाचं गिऱ्हाईक न्हाई, यंत्र बंद हाय, आन् तुमी म्हनताय कापू नका. मंग काकांच्या डब्याची नक्कल करू?"

"त्यालाही सुलटा लावल्यावर एकच मत पडलंय."

"आरं द्येवा. मंग सकाळधरनं आपन केलं तरी काय?"

कल्पनाताई पर्स शोधू लागल्या.

काका उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "अपूर्वा, तुझी जोडी इथे ठेवून जा. आठ दिवस. माझी मी माणसं बोलावून आतल्या खोलीत हलवून घेतो. आठ दिवसांनी मी जयसिंगला सांगेन, कापायचं की नाही."

"चालेल."

"आणि तार तू लाव. सुलटी, उलटी, तुला पटेल तशी. मला सांगू नकोस. मी सेल लावून बघणार नाही, शब्द देतो."

जयसिंगरावांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की बोलायची गरजच नव्हती. उलटी लावली की काकांचा होकार खिशात. त्यांनी आजच स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं, हा माझा, शंका नाही. आणि खोटं तरी काय होतं त्यात? काका म्हणालेच होते, तुला पटेल तशी. माणसाला जे आवडतं ते त्याला द्यावं, याला फसवणूक म्हणतात का? तिला वाटलं, म्हणत नसावेत. मग तिला वाटलं, म्हणतात.

ती डाव्या डब्यामागे उकिडवी बसली. काळीवरची लाल तार सोडवली. ती बोटांत धरून बसली. कुणी पाहत नव्हतं, काकांनी मुद्दाम पाठ केली होती. मग तिने लाल लालला लावली, काळी काळीला, दोन्ही मळसूत्रं घट्ट आवळली आणि उठली.

बावधनला परत येताना वाटेत धुकं होतं. पौड गेल्यावर तिला पहिल्यांदा भीती वाटली. एका तारेसाठी आपण तीन वर्षं घालवली, हे आईला अकोल्याला फोनवर कसं सांगायचं, याची ती वाक्यं जुळवू लागली. ती जुळेनात.

काकांनी आठ दिवसांत एकही फोन केला नाही. तिने आलेख काढून पाहिले, रेषा सरळच होती. एकदा तिने कंपनीतल्या निःशब्द खोलीत बसून पाहिलं. तिथे फक्त स्वतःच्या कानातली सूं सूं ऐकू आली.

नवव्या दिवशी सकाळी, ती कंपनीत पंखा टांगत असताना फोन वाजला.

"जयसिंगला सांगितलं, काप म्हणून," काका म्हणाले. "तुझा डबा."

अपूर्वाने पंखा खाली ठेवला. "आवडली जोडी?"

"नाही म्हणजे... ऐक. पहिले तीन दिवस नको वाटली. घर रिकामं झाल्यासारखं. गोजराबाई म्हणाल्या, काका, ती बाई आता सैपाकघरात येत न्हाई, तुमच्यापाशीच बसती. चौथ्या दिवशी मी भांडायलाच बसलो तुझ्या जोडीशी. रात्रीचं जेवण विसरलो. कालपासून माझी जुनी परत लावून बघतोय, तर तीही आता पहिल्यासारखी वाटत नाही. आता मला कुठलंच पूर्वीसारखं आवडत नाही, आणि बंदही करवत नाही. याला तुमच्या शास्त्रात काही म्हणतात का?"

"माहीत नाही, काका."

"मग कापू दे त्याला. तुझ्या डब्यात निदान मला काय आवडत नाही ते तरी नीट ऐकू येतं."

"काका, मी तार कशी लावली होती ते सांगू?"

पलीकडे गोजराबाई भांडी आपटत होत्या तेवढं ऐकू आलं. "नको," काका म्हणाले, आणि फोन ठेवला.

दुपारी जयसिंगरावांचा फोन आला. लाकूड आलंय, नकाशा घेऊन या, उद्या पहिला डबा कापतो. अपूर्वाने हो म्हटलं. मग तिने त्या रविवारची वही उघडली. तारीख होती, पातळ्या होत्या, क, ख, ग होते. शेवटचा रकाना निकालाचा. नवी जोडी जिंकली असं तिला लिहिता येईना, कारण तसं झालं नव्हतं. सुलटी तार जिंकली असंही नव्हतं. काका आठ दिवसांत सुधारले की थकले, हेही तिला कळलं नव्हतं. तिने पेनाला टोपण लावलं, रकाना रिकामाच सोडला आणि डब्याचा नकाशा गुंडाळून घोटावड्याला निघाली.